शवागाराच्या दारावरचा फोटो

(रुग्णालयातली व्यायामाची खोली. भिंतीवर राखाडी पडदा, दोन दिवे, एक स्टूल.)

फोटोवाली : हनुवटी थोडी खाली, मामा. अहो, इतकी नाही! चप्पल शोधताय का?

कारकून : थांबा, थांबा ताई. हे यादीत नाहीत. बत्तीस जण झाले, संपलं काम. दर्शनी भिंतीवर फोटो लागणार ते डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ यांचेच. पेशंट ज्यांना बघतात, तेवढेच.

मामा : माझे पेशंट मला बघत नाहीत, हे खरंय.

फोटोवाली : म्हणजे? कुठल्या वॉर्डात असता?

कारकून : शवागारात. वीस वर्षं झाली त्यांना.

मामा : बावीस. आणि मला भिंत नकोच, साहेब. आमच्या दारावर लावायचाय फोटो.

कारकून : त्या दारावर? उगाच कशाला?

मामा : परवा एक आजी आल्या. आजोबांना आत घेतलं, दार लावलं. आजी तीन तास दारासमोर उभ्या. बसेनात, जाईनात. शेवटी मी बाहेर आलो, मास्क काढला. आजींनी नीट बघून घेतलं मला आणि म्हणाल्या, "तुम्ही आहात होय आत? मग जाते." तीन तास, साहेब! फार वाईट वाटलं मला.

फोटोवाली : तो कोट घाला, मामा. ढगळ आहे, पाठीमागून चिमटा लावते. सकाळपासून सगळ्यांना हाच घातलाय. हं, आता जरा हसा.

मामा : त्या दारावर हसरा?

फोटोवाली : तेही खरंच. नका हसू. अहो, पण असे डोळे नका वटारू! आजी पळून जातील.

मामा : मग कसा ठेवू चेहरा? मला कधी कुणी सांगितलंच नाही.

फोटोवाली : असं समजा, मी माझ्या आईला घेऊन आलेय. काय म्हणाल मला?

कारकून : ताई, काहीतरीच काय!

फोटोवाली : ठणठणीत आहे हो ती. सकाळीच भांडलीय माझ्याशी. बोला, मामा.

मामा : या. बसा आधी. आईंचं नाव सांगा, मी नावानंच बोलतो त्यांच्याशी. आत गार असतं, पण चादर नीट घालतो. तुम्ही घरी जा, दोन घास खा. मी आहे इथे.

कारकून : आला का फोटो?

फोटोवाली : आला. मघाशीच. आईला फोन करायला हवा मला.

कारकून : तेहेतिसावं नाव घालतो. मोठ्या साहेबांनी विचारलं तर मी बघून घेईन. मामा, फोटोखाली हुद्दा काय लिहू?

मामा : हुद्दा नको. "सहापर्यंत मी" एवढंच लिहा. आणि सहानंतर दुसरा येतो, त्याचाही काढा. नाहीतर लोकांना वाटायचं, सहानंतर आत कुणीच नाही.