पाव फेरा

कालिंदी : रडणं मागाहून, विने. आधी आ कर बघू. अगंबाई! पुढच्या दातांत केवढी ही फट!

विनोदिनी : डॉक्टर म्हणालेच होते, आई, पडेल म्हणून. आमच्या वयाला टाळूचे दोन भाग पुरते सांधलेले नसतात. किल्ली फिरवली की टाळूला बसवलेला तो स्क्रू दोन्हीकडे रेटतो, टाळू रुंद होते, वाकड्या दातांना जागा मिळते. फट नंतर आपोआप मिटते.

कालिंदी : नंतर! दासगावचे पाहुणे आत्ता यायचेत तुला बघायला. ह्यांना सांगत होते, मुलीचं ठरेपर्यंत मुंबईच्या डॉक्टरचं नाव काढू नका. ऐकतील तर शपथ! किल्ली कुठाय?

विनोदिनी : कोनाड्यात. नाना रोज सकाळी फिरवतात, पाव फेरा.

कालिंदी : कोनाड्यात नाही. मूठ उघड. उघड म्हणते ना! विने, तूही फिरवतेस?

विनोदिनी : संध्याकाळी. आठ दिवस झाले.

कालिंदी : म्हणजे दिवसाला दोनदा? दुखत नाही गं?

विनोदिनी : दुखतं. नाकाच्या मुळाशी कळ येते. भाकरी चावत नाही. पण फट मोठी दिसली की पाहुणे नको म्हणतील.

कालिंदी : अगं, लग्न काय उद्या आहे? नव्या कायद्यानं चौदावं सरेपर्यंत थांबायचंच आहे.

विनोदिनी : लग्न थांबेल. शाळा उद्यापासून बंद होईल. शेजारच्या मालूची लग्न ठरताच झाली. तिला आता खिडकीतही उभं राहू देत नाहीत.

कालिंदी : माझी तिसरीतच सुटली. पाटी शाळेतच राहिली, आणायलाही कुणी गेलं नाही.

विनोदिनी : तुला कुणी विचारलं होतं?

कालिंदी : मला? नवव्या वर्षी? आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

तुळसा : (अंगणातून) वयनीबाय, पावनं आलं वो! गाडी पारापाशी हाय!

कालिंदी : आले गं तुळसा! पाय धुवायला पाणी दे त्यांना. सांग, मुलीची वेणी चाललीय.

विनोदिनी : आई, नानांना सांगणार तू?

कालिंदी : किल्ली माझ्या कनवटीला राहील. सकाळचा फेरा तेवढा, वर एकही नाही. जबडा मोडून घेशील एखाद्या दिवशी. डोळे पूस.

विनोदिनी : म्हणजे जायचंच बाहेर?

कालिंदी : जावं लागतं, बाळा. ते माझ्या हातात नाही. पाटावर बस, आणि नाव विचारलं ना, की मान खाली घालून पुटपुटू नकोस.

विनोदिनी : मग?

कालिंदी : तोंडभर हस.