फेट्यात राहिलेला टोप

नाव श्यामकांत राजाराम मेस्त्री, वय ५६ वर्षे, धंदा नाटकांचे व इतर टोप बनवणे, राहणार नवकिरण सोसायटी, कुलूपवाडी, बोरीवली पूर्व, मुंबई.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी मालन हिच्यासह राहतो. वडील गिरणीत होते. माझे शिक्षण आठवी. टोपाचे काम मी कोणाकडे शिकलेलो नाही. एका नाटक मंडळाने फेकून दिलेला टोप घरी आणून उसवला आणि पुन्हा विणला, तिथून शिकलो. माझ्या टोपात एकेक केस आकडीने जाळीला गाठ मारून बसवलेला असतो. त्याआधी केस निवडावे लागतात. सगळी मुळे एका बाजूला, सगळे शेंडे दुसऱ्या बाजूला, नाहीतर गुंता होतो. हे निवडण्याचे काम लग्नापासून मालन करत असे. केस नखावरून ओढून मूळ कुठले ते ती न बघता सांगे.

तक्रारदार यज्ञेश कारखानीस हे कांदिवली येथे ऑफिस थाटून 'खनिजकेश' नावाच्या कॅप्सूल विकतात. शरीरात खनिजे कमी पडली की केस गळतात, नखे तुटतात, असे ते सांगतात. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला त्यांनी टेबल मांडले होते. स्वतःचे डोके पुढे करून ते बायकांना म्हणत, "पन्नाशीचं डोकं आहे वहिनी. आधी बघा, मग घ्या." मालनचे केस तेव्हा कमरेच्या खाली होते. केसांसाठी तिला काही घेण्याची गरज नव्हती. कामात नखे झिजतात म्हणून तिने कॅप्सूल घेतल्या.

पुढे तिचे केस जाऊ लागले. तिने कारखानीस यांना फोन केला. फोन स्पीकरवर होता, मी आकडी धरून समोर बसलो होतो. ते म्हणाले, "घाबरू नका हो वहिनी. जुने जातात तेव्हाच नवे येतात. डोस डबल करा." तिने डबल केला. केस गेले, नंतर भुवया गेल्या. नंतर नखे बोटांवरून सुटून आली. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले की सेलेनियम नावाचे खनिज अंगात फार झाले आहे; ते थोडे लागते, अति झाले की नेमके केस आणि नखेच जातात. कॅप्सूलही तपासल्या, त्यात ते भरमसाट निघाले. दोन्ही अहवाल सोबत देत आहे.

मी मालनला म्हटले, तुझ्यासाठी टोप करतो. ती म्हणाली, "दुसऱ्याचे केस निवडूक नखां रवली नाय, आता तेच डोक्यार घेव?" तिचे माप मी घेतलेले नाही.

अहवाल घेऊन मी कारखानीस यांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी अहवाल उघडला नाही. "वहिनींनी आणखी काहीतरी खाल्लं असेल. माझं बघा ना, मी रोज दोन घेतो," असे म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे डोके पुढे केले. खिडकीतून ऊन येत होते. कपाळाच्या कडेला दुहेरी गाठी आणि डावीकडे किंचित मागे ठेवलेला भोवरा मला दिसला. असा भोवरा मी ठेवतो, दुसरे कोणी ठेवत नाही. अंधेरीच्या एका केशकर्तनवाल्याकडून माझ्याकडे डोक्याचे साचे येतात. साच्यावर नाव नसते, मीही विचारत नाही, तशी या धंद्याची रीत आहे. हा साचा मला आठवला. या टोपाचे केस मालननेच निवडले होते.

मी विचारले, "हे केस तुमचे?"

ते म्हणाले, "शंभर टक्के. कॅप्सूलचेच."

मी "बरं" म्हणालो आणि घरी आलो.

यंदा २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीच्या सभागृहात कारखानीस यांचा सत्कार ठरला होता, कारण मंडपाचा खर्च त्यांनी दिला होता. पाहुण्याला फेटा मीच बांधतो. सेक्रेटरी दत्ताराम साळसकर यांना वाटले मी येणार नाही. मला म्हणाले, "श्याम, तुझ्या मनात नसेल तर तयार फेटा आणतो रे." मी म्हटले, "तयार फेटा डोक्यावर नीट बसत नाही. मी बांधतो."

टोपाची पुढची कड कपाळाला गमने चिकटवलेली असते आणि मागे चिमटे असतात. गम सोडवायचे औषध मी फेट्याच्या पहिल्या वेढ्याला आतून लावून आणले होते. कारखानीस खुर्चीत बसले, माइकवर त्यांचे कौतुक चालू होते. ते हळूच म्हणाले, "जरा सांभाळून हां मेस्त्री, केस विस्कटतील. आणि वास कसला येतोय?" मी म्हटले, "खळीचा आहे साहेब. मान हलवू नका." बांधता बांधता मागचे चिमटे उघडले आणि जाळी आतल्या वेढ्याला सेफ्टी पिनने अडकवली. कारखानीस यांच्या कातडीला कुठे ओरखडाही आलेला नाही.

सत्कार असला की भाषणाच्या शेवटी फेटा काढून ते केस दाखवतात; डोके पुढे करण्याची त्यांची सवय हळदीकुंकवालाही सगळ्यांनी पाहिली होती. तसेच झाले. "लोक म्हणतात विग आहे. बघा तर मग!" असे म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी फेटा उचलला. फेट्याबरोबर टोप वर गेला. ते हसतच होते. समोरून कोणीतरी ओरडले, "अहो साहेब, वाट लागली!" तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. मी त्यांच्यापासून चार हात लांब उभा होतो, हातात आरतीचे तबक होते.

मालन पहिल्या रांगेत बसली होती. ती हसली नाही. उभी राहून तिने डोक्यावरचा स्कार्फ सोडला आणि सभागृहाकडे तोंड केले. मग तिसऱ्या मजल्यावरच्या अस्मिता दळवी यांनीही सोडला; कॅप्सूल त्यांनीही घेतल्या होत्या. कारखानीस मागच्या दाराने गेले.

टोप जप्त झाला आहे. तो पिशवीत कोंबू नये, पालथ्या तांब्यावर ठेवावा. कारखानीस यांना परत द्यायचा झाल्यास माझी हरकत नाही. मात्र तो बसवून द्यायला त्यांना कोणी मिळणार नाही. मुंबईतल्या सगळ्या टोपवाल्यांना मी फोन केले आहेत.

लेखी माफी मागितल्यास ते तक्रार मागे घेतील, असे मला सांगण्यात आले. मी माफी मागणार नाही. हवालदार माणिक शेलार मॅडम मला म्हणाल्या, "काका, टोप आधीच ढिला होता असं लिहिते ना. तुम्ही सुटाल, आम्हीपण सुटू." त्यांचा हेतू चांगला आहे. पण माझा टोप आपोआप सुटत नाही. आजवर एकही सुटलेला नाही.

हा जबाब शेलार मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'टोप निघाला' असे होते, तिथे 'मी काढला, ठरवून काढला' असे करून घेतले. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
श्यामकांत राजाराम मेस्त्री