सगळ्यांना सारखे बारा टक्के

सन्माननीय अध्यक्ष बबनराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आपल्या वाहतूक संघाच्या सहाही आगारांतले चालक-वाहक बंधुभगिनी, आणि मागच्या रांगेत बसलेली माझ्या घरची माणसं, सर्वांना नमस्कार.

बबनरावांनी आत्ता माझं इतकं कौतुक केलं, की ते शेजारच्या माणसाबद्दल बोलतायत असंच मला वाटलं. जिल्ह्यातल्या आपल्या गाड्यांचं कार्बन उत्सर्जन बारा टक्क्यांनी कमी करणारा अधिकारी, असं ते म्हणाले. शाल घेतली, नारळ घेतला. पण खरं आज बोललो नाही, तर उद्यापासून घरी बसून कुणाला सांगणार?

दोन वर्षांपूर्वी वरून आदेश आला, उत्सर्जन बारा टक्के कमी करा, आगारांत वाटणी तुम्हीच करा. मी किती वेळ घेतला? चहा संपेपर्यंतचा. सगळ्यांना सारखे बारा टक्के. सारखं वाटलं की कोणी भांडत नाही, ही माझी तीस वर्षांची रीत. बढत्याही तिच्यावरच मिळाल्या म्हणा.

भांडायला एकच माणूस आला. हे समोर बसलेले बाबाराव, पुसदकडच्या आपल्या लहान आगाराचे चालक. म्हणाले, "साहेब, आमी पाच सालापासून डिझेल वाचवून राह्यलो. ज्यायनं उधळलं त्यायलेही बारा अन् आमालेही बाराच, काहून?"

मी म्हणालो, "बाबाराव, मी दुजाभाव करत नाही." किती रुबाबात म्हणालो होतो.

मोठ्या आगारांनी उभ्या गाड्यांची इंजिनं बंद ठेवली, टायरांत हवा नीट भरली आणि बारा टक्के गाठले. बाबारावांच्या आगारात हे सगळं आधीच झालेलं. मग त्यांनी काय कमी करायचं? त्यांनी फेऱ्या कमी केल्या. बोरवाडीहून पुसदला येणारी सकाळची गाडी बंद झाली.

मागच्या महिन्यात या समारंभाच्या पुस्तिकेसाठी फोटो काढायला मी बोरवाडीला गेलो. थांब्यावर प्रवासी भरायला तीन जुनाट खासगी जीपा धूर ओकत उभ्या होत्या. तो धूर माझ्या तक्त्यात येत नाही, म्हणून तर माझे बारा टक्के भरले. तिथं मथुराबाई भेटल्या. त्यांची नात पायल पुसदला नर्सिंग शिकत होती.

"जीप भरल्याबिगर निंगत नाही," त्या म्हणाल्या. "पोरगी रोज उशिरा पोचे. हजेरी कमी पडली, नाव कापलं. आता मायासंगं कापूस वेचते. तुमी फोटो काढाले आले न, काढा."

मी फोटो काढला नाही. मला लाज वाटली, आत्ता बोलतानाही वाटते आहे.

बबनराव, आज सकाळी माझी शेवटची सही एका टिपणावर झाली आहे. ते तुमच्या टेबलावर आहे. वाटणी चुकली, ती मी केली, असं त्यात लिहिलं आहे. ज्यांनी आधी वाचवलं त्यांचं ते धरून नव्यानं वाटणी करा आणि बोरवाडीची गाडी सुरू करा. माझी चौकशी लागली तर लागू द्या. पायलचं वर्ष मात्र कुठल्याच टिपणानं परत येणार नाही.

कामं टाकून आलात, सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. वाटणीतली चूक तेवढी तुम्ही माफ करू नका. तो अधिकार पायलचा आहे, आणि तिच्यासमोर जायची माझी अजून हिंमत झालेली नाही.