कमरपट्ट्याचं वजन

शाळेतला वजनकाटा नेमकं काय मोजतो, हे मला अजून कळलेलं नाही बघा.

आम्ही धुळ्याजवळच्या खेड्यात राहायचो. माझी धाकटी बहीण तेव्हा पहिलीत होती. शाळेत तपासणीला आलेले डॉक्टर तिचं वजन बघून म्हणाले, "कमी आहे. मुलगी अशक्त दिसते."

घरी हे कळल्यावर आई तिच्या अहिराणीत उखडलीच; 'मनी' म्हणजे माझी. "मनी पोर बारीक शे, अशक्त नही शे! दिनभर चिंचवर चढस!"

पुढच्या तपासणीला आईने आपला चांदीचा जाड कमरपट्टा बहिणीच्या परकराखाली बांधून तिला पाठवलं. काटा बघून डॉक्टर खूश. "शाब्बास! तब्येत एकदम सुधारली की!"

संध्याकाळी पट्टा सोडताना आईचा हात तिच्या पोटाला लागला आणि चटकाच बसला.

पोरगी सकाळपासून तापाने फणफणली होती.