मेलेल्या उंटाची जागा

शलाश: राहू दे तो रुमाल तिथंच. ऊन लागतं त्याला.

नूफ: बाबा, यंत्राला ऊन लागत नाही. तुम्ही त्याचे डोळे बांधलेत.

शलाश: म्हणजे डोळे आहेत. तूच म्हणालीस.

नूफ: डोळे नाहीत, कानही नाहीत. हातात मावणारा संगणक आहे तो. उपग्रहांवरून आपण कुठे आहोत एवढं त्याला कळतं, आणि ते रुमाल टाकल्यानं थांबत नाही. तुम्ही मात्र बोडक्यानं गावातून निघालात. पंपावरचा माणूस बघत राहिला.

शलाश: बघू दे. तुझ्या भावानं हे चिकटवल्यापासून मला काचेतून जमीन दिसत नाही. फगा शोधणाऱ्याला आभाळ नको असतं, पोरी, जमीन हवी असते. मातीखालचं ते अळंबं वर आलं की माती फुगते, तडकते. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या भेगेला नखाएवढी सावली पडते. आणि नेमक्या त्या सावलीच्या जागी फव्वाजनं हे उंटाच्या तळपायाएवढं रबर लावलंय.

नूफ: कोपऱ्यात सरकवते. तुम्ही चालवत राहा. थोडं पाणी लावायचं, दाबायचं. आतली हवा गेली की बाहेरची हवाच त्याला काचेवर दाबून धरते.

शलाश: म्हणजे चिकटत नाही. सगळे मिळून दाबतात.

नूफ: हो.

शलाश: माझ्यासारखं आहे बिचारं. आणि सिगारेट पेटवायची कळ कुठे गेली? तिच्या भोकात याची वायर.

नूफ: सिगारेट डॉक्टरांनी बंद केलीय.

शलाश: बघ, एका दगडात दोन पक्षी. फव्वाज लहानपणापासून हुशार.

नूफ: पडद्यावर टेकवायची काडी कुठे आहे? इथे मागे खाचेत असते.

शलाश: ती बारीक काळी? दात कोरायला बरी होती. पडली कुठेतरी.

नूफ: बाबा.

शलाश: बाबा काय. खरं सांग, तुला का पाठवलं त्यानं?

नूफ: मी सुट्टीवर आलेय. इर्बिदच्या बाजारातला फगा खाऊन कंटाळा आला, म्हणून.

शलाश: दोन दिवस झाले तुला येऊन. दोन दिवस तू आणि तुझा भाऊ स्वयंपाकघरात कुजबुजताय, आणि मी दारात आलो की विचारता, बाबा, चहात साखर किती. माझ्या चहात साखर किती, हे तुला बोलता येत नव्हतं तेव्हापासून ठाऊक आहे.

नूफ: मागे बघा जरा, ती गाडी...

शलाश: बघितली. मेंढ्यांच्या पाण्याची आहे, वळेल आता. वळली. तू विषय वळवू नकोस.

नूफ: बरं. फव्वाजनं सांगितलंय की बाबांबरोबर जा, संध्याकाळी यंत्रातलं कार्ड काढून मला दे. हे नखाएवढं कार्ड. गाडी जिथे जिथे गेली ते सगळं त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी उमटतं.

शलाश: आणि आत्ता? आत्ता दिसतंय त्याला?

नूफ: नाही. यात टेलिफोन नाही. कार्ड हातात आल्याशिवाय कुणाला काही दिसत नाही.

शलाश: मला वाटलंच होतं. त्याचे ते अम्मानचे मित्र दरवर्षी मोठमोठ्या गाड्या घेऊन येतात, गालिचे अंथरतात आणि चार दिवसांत चार फगे शोधून जातात. त्यांना माझ्या जागा हव्यात. माझ्या बापानं मला पहिल्यांदा नेलं ते उंटावर उलटं बसवून, डोळ्यांवर पट्टी. मी त्याचा मुलगा होतो. आणि हा माझ्या जागा ठिपक्यांनी वाटणार.

नूफ: त्याला तुमच्या जागा नकोत. फगा सोलायचा कंटाळा येतो म्हणून तो खातसुद्धा नाही.

शलाश: मग काय हवंय त्याला?

नूफ: गाडीची किल्ली.

शलाश: कुणाची किल्ली?

नूफ: तुमची. त्याला वाटतं तुम्हाला आता रस्ते आठवत नाहीत. आज कार्ड बघून तो ठरवणार. आईशी बोलून झालंय त्याचं.

शलाश: तुझी आई काय म्हणाली?

नूफ: काही म्हणाली नाही. ओट्यावरचं पीठ पुसत राहिली.

शलाश: या हमादच्या दगडी वाळवंटात मी रस्ता विसरेन? इथे रस्ताच नाही, तर विसरणार काय?

नूफ: मग मंगळवारचं सांगा. मंगळवारी ठिपके सीमेच्या चौकीपर्यंत गेलेत आणि दुपारी परत आलेत. फव्वाजनं तुम्हाला संध्याकाळी विचारलं, कुठे होता. तुम्ही म्हणालात, इथेच, मेंढ्यांकडे. त्याला घाम फुटला. म्हणाला, एवढे शंभरावर किलोमीटर बाबांना आठवतच नाहीत.

शलाश: गेलोच नव्हतो, तर आठवेल कसं?

नूफ: ठिपके आहेत, बाबा.

शलाश: यंत्र गेलं होतं. सत्तमच्या टँकरमधून.

नूफ: काय?

शलाश: सकाळी उपटलं काचेवरून, सत्तमला म्हटलं सीटखाली ठेव, चौकीवर पाणी ओतून आलास की परत दे. जा बाबा, म्हटलं, तुला हिंडायची हौस आहे ना, हिंड. आणि मी माझ्या फग्याच्या जागेवर गेलो. दोन किलो मिळाला त्या दिवशी. तू आलीस त्या रात्री भातावर खाल्लास तो त्यातलाच.

नूफ: हे फव्वाजला का नाही सांगितलंत?

शलाश: हेराला सांगतात का, तुला फसवलं म्हणून?

नूफ: हसवू नका. तो दोन दिवस झोपला नाही. ...आता हे काय? हेच झुडूप मघाशी गेलं. आपण गोल फिरतोय.

शलाश: फिरतोयच. अजून एक फेरी आहे.

नूफ: का?

शलाश: जदआनचे जावई. तीन वर्षं माझ्या मागावर आहेत. एक तर मागून येतात, नाहीतर दुपारी येऊन चाकोरी बघत बघत जातात. म्हणून जागेवर कधी सरळ जायचं नाही. एक मोठा गोल, त्यावर छोटा गोल, एकदा जिथे काही नाही तिथे उतरून दहा मिनिटं उकरायचं. मागून येणाऱ्याचं डोकं फिरलं पाहिजे. तुम्ही शिकलेली माणसं. वाकडी वाट दिसली की म्हणता, म्हातारा भरकटला.

नूफ: म्हणजे कार्डावरचे सगळे गोल मुद्दाम काढलेले.

शलाश: सगळे. आता सांग जाऊन भावाला.

नूफ: सांगीन. रविवारचे तसेच आहेत, सोमवारचेही. आत्ताचाही तसाच उमटतोय, बघा, ठिपके लांब लांब.

शलाश: लांब म्हणजे?

नूफ: यंत्र दर दहा सेकंदांनी एक ठिपका टाकतं. गाडी वेगात असली की ठिपके लांब पडतात. चकवा देताना तुम्ही पंचेचाळीसच्या खाली येत नाही. कुठे जायचं ते तुम्हाला माहीत असतं. पण गुरुवारचे ठिपके मुंग्यांसारखे आहेत. जुन्या तेलवाहिनीच्या मोठ्या नळाजवळ, घरापासून सात किलोमीटरवर. तीन फेऱ्या. वेग आठ. जिथे वाट फुटते तिथे दरवेळी गाडी थांबलीय.

शलाश: धूळ उठली होती.

नूफ: गुरुवारी?

शलाश: वारा होता. आणि मागे पांढरी गाडी होती, जदआनच्या जावयाची. घरी आल्यावर तुझ्या आईला सांगितलंच होतं.

नूफ: धाकटे दोघं बुधवारपासून मफ्रकला लग्नात आहेत, आणि थोरल्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे. काल मी आणि आई त्याच्याकडे जाऊन आलो.

शलाश: चौकशीच केलीस की.

नूफ: मला खात्री करायची होती.

शलाश: कशाची?

नूफ: की ती गाडी खरी होती.

(शलाश गाडी थांबवतो. इंजिन बंद होतं. बाहेर फक्त वारा.)

शलाश: धूळ नव्हती. आभाळ या काचेपेक्षा स्वच्छ होतं.

नूफ: हं.

शलाश: तो नळ मी आयुष्यभर पाहतोय. त्याच्या सावलीत बसून तुझ्या आजोबांबरोबर खजूर खाल्लेत. गुरुवारी तो समोर आला आणि वाटलं, हे लोखंड कुणाचं? याच्या कुठल्या अंगाला आपलं घर? एखाद्याचं नाव ओठावर येऊन अडकतं ना, तसं. पण नाव नव्हे, सगळी जमीनच अडकली. म्हटलं, थोडं पुढे जाऊ, काहीतरी ओळखीचं लागेल. पुढे गेलो की पुन्हा तोच नळ.

नूफ: मग?

शलाश: मग रुमाल काढला. फव्वाजनं बसवलं त्या दिवशी दाखवलं होतं, बाबा, हे घराचं चित्र, दाबलं की बाण घराकडे फिरतो. तेव्हा मी म्हणालो होतो, तुझं घर तू शोध. काडी हरवली होती. बोटानं दाबलं, लागेना. पुन्हा दाबलं.

नूफ: चार वेळा.

शलाश: तुला कसं माहीत?

नूफ: शेवटचं काय शोधलं त्याची यादी असते त्यात. घर, घर, घर, घर. काल बघितलं मी.

शलाश: मग आज सकाळपासून माझ्याकडून काय वदवून घेत होतीस?

नूफ: तुम्ही काहीतरी वेगळं सांगाल असं वाटत होतं. सत्तमच्या टँकरसारखं. मी वाट बघत होते त्याची.

शलाश: फव्वाजला ही यादी माहीत आहे?

नूफ: नाही. त्याला गोल दिसले आणि मंगळवारची सीमा दिसली. सगळं एकच वाटतं त्याला.

शलाश: मंगळवारचं सांग त्याला. मंगळवारी मी शहाणा होतो.

नूफ: गुरुवारचंही सांगावं लागेल, बाबा. डॉक्टरकडेही जावं लागेल.

शलाश: मग किल्ली गेली. मी अंगणात बसून कोंबड्या राखायच्या. पाऊस वेळेवर पडला, वीज चांगली कडाडली, आणि यंदाचा फगा जदआनच्या जावयाच्या घरात.

नूफ: त्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे.

शलाश: पाय काय, बरा होतो.

नूफ: गाडी मी चालवीन. सुट्टी आहे तोवर रोज. नंतर शुक्रवारी येईन.

शलाश: तू चालवलीस म्हणजे जागा तुला दिसणार.

नूफ: दिसणार. उलटं बसून मला चालवता येत नाही.

शलाश: उद्या लग्न होऊन कुठे गेलीस, तर त्या लोकांना...

नूफ: बाबा, आजोबांनी पट्टी कधी काढली?

शलाश: कशाला विचारतेस?

नूफ: तुम्हाला जागा माहीत आहेत. म्हणजे कधीतरी काढलीच असणार.

शलाश: त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला त्या वर्षी. म्हणाला, आता मला दिसत नाही, तू बघ. आधीच काढली असती तर तुला चार जागा जास्त मिळाल्या असत्या, म्हणाला. त्या त्याला स्वतःलाच सापडत नव्हत्या. आम्ही दोघं आठ दिवस हिंडलो.

नूफ: सापडल्या?

शलाश: एक.

(नूफ आपल्या बाजूचं दार उघडते.)

शलाश: ये इकडे. या बाजूनं बस. क्लच कडक आहे, घाबरू नकोस त्याला. मी तिकडून येतो.

नूफ: किल्ली?

शलाश: लावलेलीच आहे. काढायची काय गरज.

नूफ: कुठे जायचं?

शलाश: चकवा झाला, आता सरळ. ते काळे दगड संपतात तिथे पांढरी माती लागेल. डावीकडे घे. पिवळ्या फुलांचं बुटकं झुडूप दिसेल, रगरूग. जिथे ते, तिथे फगा. हळू. ऊन समोर ठेव, नाहीतर सावली दिसणार नाही. तो रुमाल दे इकडे, डोकं तापलं माझं.

नूफ: यंत्र बंद करू का? ठिपके पडतायत.

शलाश: किती दिवस राहतात ते ठिपके?

नूफ: पुसेपर्यंत. आणि जागेला नाव देऊन ठेवलं तर कायमची राहते. हजार नावं मावतात.

शलाश: हजार कुठली. माझ्याकडे एकवीस आहेत. होत्या. आज मोजल्या तर एकोणीस भरल्या.

(नूफ पांढऱ्या मातीवर गाडी हळू करते.)

शलाश: थांब इथे. इथेच. हीच ती. लिही.

नूफ: नक्की?

शलाश: काडी नाही, बोटानं लिही. फव्वाजच्या कार्डावर नको पण.

नूफ: दुसरं कार्ड आहे माझ्याकडे, कोरं. त्याला मंगळवार आणि गुरुवार देते, जागा या कोऱ्या कार्डावर. नाव काय देऊ? फगा, पहिली जागा?

शलाश: डोकं आहे का तुला? कुणाच्या हाती लागलं तर सरळ चालत येतील. 'मेलेला उंट' लिही. मेलेल्या उंटाकडे कुणी वाट वाकडी करून जात नाही.

नूफ: मेलेला... उंट. झालं. दुसरीला?

शलाश: कोरडी विहीर. तिसरीला, सत्तमचा टायर फुटला ती जागा. लिहिलंस? आणि ते घराचं चित्र आहे, त्याखाली काय आहे?

नूफ: नुसतं घर. तेही बदलू? खोटं काहीतरी देऊ?

शलाश: नको. घराला खरं नाव असू दे. आणि जरा मोठ्या अक्षरात लिही.