तीन शेपट्यांचं विमान

पुतणी: पण काका, नको म्हणजे काय? एवढं खोकं मांडीवर घेऊन बसने आले मी.

काका: पाणी पी आधी. आणि ते खाली ठेव, टेबलावर नको.

पुतणी: बाबांची सगळी विमानं आहेत यात. एकेक जुन्या टॉवेलात गुंडाळलंय. आई म्हणाली, ज्याचा जीव त्यात आहे त्याच्याकडे जाऊ दे.

काका: माझ्याकडे हीच आहेत. तेच माप, तेच रंग. दुकानात नवं आलं की आम्ही दोघंही घ्यायचो. सगळी धातूची आणि सगळी पंख्याची. जेटला आमच्याकडे धावपट्टी नव्हती.

पुतणी: मग चांगलंच की. कपाटात जोड्या लागतील.

काका: तेच तर नकोय.

पुतणी: का?

काका: हसशील.

पुतणी: बाबा गेल्यापासून हसलेच नाहीये. हसवा.

काका: प्रत्येक विमान दोघांकडे असलं तरी आम्ही ते एकच धरायचो. समज, डकोटा विमान तुझ्या बाबाच्या फळीवर असलं, की माझं खणात. मग रविवारी त्याचा फोन यायचा, 'डकोटा निघालं.' तो त्याचं खणात ठेवायचा. संध्याकाळी मी माझं बाहेर काढून फळीवर लावायचो आणि कळवायचो, 'उतरलं.' पुढच्या रविवारी मी काहीतरी तिकडे धाडायचो.

पुतणी: म्हणजे दार लावून हे चालायचं? आईला वाटायचं, घराच्या वाटणीचं बोलताय.

काका: वाटू दिलं. खरं सांगितलं असतं, तर तिने दोघांनाही वेड्यात काढलं असतं.

पुतणी: मला दाराबाहेर ऐकू यायचं. 'वाटेत ढग होते का?' मी म्हणायचे, काकांकडच्या हवेची यांना काय एवढी काळजी.

काका: प्रत्येक वेळी विचारायचा. मी कधी ढग सांगायचो, कधी समोरून वारा. नुसत्या थापा. पण आता तू हे खोकं इथे ठेवलंस, तर दोन्ही विमानतळ एकाच कपाटात आले. मग कोणी निघून जायचं कुठे?

पुतणी: अरे देवा. आणि मी तर घोळच घातलाय. खण उपसले, फळ्या पुसल्या, सगळी एकत्र भरली. कुठलं बाहेर होतं, कुठलं खणात, आता कसं सांगू?

काका: त्याची चिंता नको. जे माझ्या फळीवर नाही, ते तिकडे होतं. एकच तेवढं दोन्हीकडे नाही.

पुतणी: कुठलं?

काका: कॉन्स्टेलेशन. तीन शेपट्यांचं. त्याचं सगळ्यात लाडकं. तो गेला त्या रविवारी दुपारी म्हणाला, 'निघालं बघ, नीट उतरव.' आवाज अगदी नेहमीसारखा होता. संध्याकाळी मी खणाला हात घालतोय, तर फोन वाजला. मला वाटलं, याला दम धरवत नाही.

पुतणी: तो माझा फोन होता.

काका: हो.

पुतणी: म्हणजे ते अजून हवेतच आहे?

काका: मुद्दाम ठेवलंय. या घरात बोलायला दुसरं कोणी नाही गं. रविवारी अजूनही फोन समोर ठेवून बसतो. ते उतरवलं की आमचं बोलणं संपलं.

पुतणी: काका, इतके दिवस इंधन पुरतं का?

काका: नाही पुरत.

पुतणी: मग उतरवा.

काका: आणि कळवू कोणाला?

पुतणी: बाबांचा नंबर मी चालू ठेवलाय. लावून बघा.

काका: काहीतरीच. पोरखेळ आहे का हा?

पुतणी: तुम्हीच सुरू केलात ना? मी जिन्यात जाऊन थांबते. आणि खोकं परत नेतेय. माझ्या खोलीतली वरची फळी मोकळी आहे. फक्त कुठल्या विमानाला काय म्हणतात, ते हळूहळू शिकवा.

काका: दार ओढून घे जाताना.

(थोड्या वेळाने जिन्यात, तिच्या पर्समध्ये बाबांचा फोन वाजतो.)

पुतणी: हॅलो.

काका: उतरलं.

पुतणी: वाटेत ढग होते का?

काका: होते. फार होते. म्हणून उशीर झाला.