वर गेलेली हनुवटी

—अहो नाही डॉक्टरबाई, व्हिन्चेन्त्सा आजीनं 'हो' म्हटलंच नव्हतं — सरळ उभ्या राहा, खाली वाकून बघू नका, वाकलात की पॅन्टची लांबी चुकते — 'नाही' म्हटलं होतं तिनं. तुम्ही विचारलंत, आजी छातीत दुखतंय का, आणि तिनं हनुवटी अशी वर उचलली, भुवयांसकट. उचलली ना? झालं, म्हणजे नाही. आणि तुम्ही तिला यंत्राच्या वायरी लावून तासभर झोपवून ठेवलंत! दवाखान्याबाहेर बाकावर सगळे हसत होते, पार वाकडे होऊन. मी होते ना तिथं, गोळ्यांची चिठ्ठी घ्यायला आले होते. मी नाही हसले. — थांबा, तोंडात टाचण्या आहेत, एक लावू दे. हं.

तुमचा काय दोष, तुम्ही कूनेओच्या, पार उत्तरेच्या. तिकडे सगळे मान आडवी हलवतात, पुन्हा वर 'नाही, आभारी आहे' म्हणतात. आमच्या शाक्काला, ह्या दक्षिणेच्या बेटावर, मान आडवी कोण हलवत बसतो? हनुवटी वर, जीभ टाळूला लावून एकदा 'च्' — संपलं. पुष्कळदा तो 'च्'सुद्धा नाही. म्हातारी माणसं तर नुसत्या भुवया उडवतात, तेवढ्यात कळायला पाहिजे. आणि बोटांची नखं हनुवटीखालून पुढे झटकली, तर तो नुसता नकार नव्हे, 'तू गेलास उडत' असं ते असतं, ते कुणी केलं तर तुम्ही आपल्या पुढच्या पेशंटला बोलवा. आणि 'बघू'. 'बघू' म्हणजे पण नाहीच. तुमच्याकडे म्हणे 'बघू' म्हटलं की लोक खरंच बघतात? माझा भाऊ गास्पारे तीस वर्षं तिकडेच उत्तरेला, तोरिनोला आहे, पण 'बघू' त्याचं अजून इथलंच आहे. नाताळाला येशील का रे? — बघू. बाबांना थोडे दिवस तुझ्याकडे ठेवतोस का? — बघू, निन्फ़ा, बघू.

आता दुसरा पाय. जरा इकडे वळा. कापड चांगलं घेतलंत, पण ह्या टाचांच्या बुटांवर मापं घेतेय, रोज हेच घालणार ना? नाहीतर लोळेल.

माझे बाबा, काळोजेरो, बंदरावर मासळीचा लिलाव करायचे. तुम्ही बघितला नसेल, आता तसा होतही नाही. गिऱ्हाईक यायचं, बाबांच्या कानात भाव कुजबुजायचं — मोठ्यानं नाही, शेजारच्याला कळता कामा नये — आणि बाबा ऐकायचे, समोर समुद्राकडे बघत, आणि हनुवटी वर. पुढचा यायचा, कुजबुजायचा, हनुवटी वर. एक शब्द नाही हो. चाळीस वर्षं त्या माणसानं एका हनुवटीवर आख्खं बंदर चालवलं. पटला भाव तर हात पुढे करायचे, नाही पटला तर ती हनुवटी, आणि कुणाची छाती नव्हती परत विचारायची. घरी पण तेच. आई मीठ जास्त घालायला गेली — हनुवटी. मला सहलीला जायचंय — हनुवटी. नोफ्रियो मला मागणी घालायला आला होता रिबेराहून, संत्र्यांच्या बागा होत्या त्यांच्या, चांगला सूट घालून, काकांना बरोबर घेऊन, पेस्ट्रीचा डबा — मी स्वयंपाकघरात दाराआड उभी होते, फटीतून बाबांची फक्त पाठ दिसत होती आणि डोकं. काकांनी बोलून बोलून घसा कोरडा केला. मग ते डोकं जरा मागं गेलं. एवढंच. मी पाठीमागून बघितलं तरी मला कळलं. नोफ्रियोला पण कळलं, तो डबा तिथंच ठेवून गेला. आईनं डबा बरेच दिवस उघडला नाही. — हे मी का सांगतेय? तुम्हाला पॅन्ट गुरुवारी पाहिजे ना.

तर तोरिनो. शेवटी गास्पारेच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हा 'बघू' म्हणायची सोय राहिली नाही, आम्ही दोघं गेलो. लग्नानंतर चौथ्या दिवशी सकाळी बाबा खुर्चीतून उठायला गेले आणि तसेच एका बाजूला कलले. उजवी बाजू गेली. वाचा गेली. गिळता येईना — पाण्याचा घोट दिला तरी ठसका, जीव कासावीस. डोळे मात्र साफ होते डॉक्टरबाई. सगळं कळत होतं. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, समज शाबूत आहे, म्हणजे त्यांनाच विचारायला पाहिजे. चांगला माणूस होता तो, तरुण, तुमच्यासारखाच, हात पुसून खाटेवर बसला, बाबांचा डावा हात हातात घेतला. बहिऱ्याशी बोलतात तसा मोठ्यानं नाही बोलला. हळू बोलला. म्हणाला, काळोजेरोकाका, तुम्हाला तोंडानं खाता येणार नाही आता, बहुतेक कधीच. पोटात एक नळी बसवतो, तिच्यातून खाणं देऊ. नाही बसवली तर फार दिवस नाहीत, पण त्रास होऊ देणार नाही, ते माझ्यावर सोपवा. बसवू का?

गास्पारे खाली गाडी लावत होता. खोलीत आम्ही चौघं. मी, बाबा, डॉक्टर, आणि सलाईन बदलायला आलेली एक नर्स.

बाबांनी हनुवटी वर केली. भुवया वर. जीभ हलत नव्हती, म्हणून 'च्' नाही आला — पण हनुवटी अशी, स्वच्छ. बंदरावरची.

डॉक्टर हसला. म्हणाला, छान, होकार दिला. मग माझ्याकडे वळला, रीतच असते ना तुमची, घरच्यांनाही विचारायचं — म्हणाला, हो म्हणाले ना ते?

मी म्हटलं, हो.

पाय हलवू नका. टोचेल.

ती नर्स कालाब्रियाची होती, म्हणजे आमच्याच दक्षिणेची. आडनाव वाचलं मी छातीवरच्या पट्टीवर, तिकडचंच. सलाईनची बाटली हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टर बाहेर गेला, तशी जवळ आली, हळूच म्हणाली, 'बाई, त्यांनी…' मी म्हटलं, 'माझे बाबा आहेत ते. मला कळतं त्यांचं.' ती म्हणाली, 'मला पण कळतं, बाई. माझे पण बाबा असेच करायचे.'   बाटली अडकवली, थेंब मोजले, गेली. तिनं कुणाला सांगितलं असतं तर? नाही सांगितलं. तिलाही घर असेल, पोरंबाळं असतील, कुठं दुसऱ्याच्या बापाच्या हनुवटीवरून भांडत बसायचं.

का म्हणजे? 'का' असं विचारताय तुम्ही? — मला नाही माहीत. खरंच नाही माहीत. लोक म्हणतील, लेकीची माया. असेल. मी त्या वेळी काय विचार करत होते सांगू? घरी चणे भिजत घालून आले होते आणि शेजारणीला सांगायचं राहिलं होतं, ते आता आंबलेले असतील, वास सुटला असेल, हेच होतं डोक्यात. आणि 'हो' तोंडातून निघून गेलं. जड काही वाटलं नाही. ह्या टाचणीएवढंसुद्धा नाही. आणि नोफ्रियोचा ह्यात काही संबंध नाही. तुम्ही कुठं म्हणालात, पण तुमच्या चेहऱ्यावर दिसलं. मी कशाला त्याचं नाव घेतलं? लिलावाचं सांगत होते म्हणून आलं ओघात. त्या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं झाली. तीन नातवंडं आहेत त्याला, मला शिवायला देतात त्यांचे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचे झगे. — एवढंच की जन्मभर त्या हनुवटीपुढं कुणाचं काही चाललं नाही, आणि त्या दिवशी एकदा चाललं. माझं. बस. असं मला नंतर कधीतरी वाटलं, आंघोळ करताना. तेव्हा नाही.

चौदा महिने जगले. इथं आणलं मी त्यांना, गास्पारेनं गाडी करून दिली. खिडकीशी खाट, बंदर दिसेल अशी. दिवसातून पाच वेळा ते पांढरं पाणी मोठ्या सिरिंजनं नळीत घालायचं, सावकाश, मग साधं पाणी, मग नळी धुवायची. मधेमधे दुकान. तेव्हाची शिवणं कधी बघा, एक टाका वाकडा नाही.

आणि त्यांनी परत कधीच नाही म्हटलं नाही. ऐकताय ना? खिडकी उघडू बाबा? — काही नाही. बंद करू? — काही नाही. उशी टोचतेय? दाढी करू? पाद्र्यांना बोलवू? बघायचे माझ्याकडे, डोळ्यांनी बघायचे, पण मान जागची हलायची नाही. हलत नव्हती असं नाही हो, बंदराकडे बघायला वळायची की व्यवस्थित. जुने कोळी भेटायला यायचे, मुद्दाम चेष्टा करायचे, 'काळोजेरो, एवढे बांगडे फुकट देतोस का?' — म्हणजे हनुवटी उचलतील, सगळे हसतील, जरा बरं वाटेल. नाही उचलली. एकजण रडला बाहेर जाऊन, म्हणाला, डोकं गेलं त्याचं. मी म्हटलं, हो, गेलं. गेलं नव्हतं.

एकदा मी विचारलं. दुपारची वेळ होती, दुकान बंद, बाहेर ऊन. खाटेवर बसले आणि विचारलं, बाबा, तोरिनोला तुम्ही नाहीच म्हणाला होतात ना? म्हटलं नुसत्या भुवया हलवा, तेवढ्यानं मला कळेल. बघत राहिले. फार वेळ. रागानं नाही — राग मला ओळखता येतो. मग डोळे मिटले. झोपले नव्हते, झोपलेला माणूस मला कळतो. मी उठले. मग नळी धुतली आणि तुमच्यासारख्याच एका बाईचा कोट अर्धा राहिला होता, तो संपवला.

एप्रिलमध्ये गेले. साधेच गेले, सकाळी. गास्पारे आला, कबरस्तानात मला मिठी मारून रडला, म्हणाला, 'निन्फ़ा, तुझ्यामुळं त्यांची इच्छा पूर्ण झाली. डॉक्टर म्हणाला होता मला, जगायचं होतं त्यांना, स्वतः हो म्हणाले.' मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. म्हटलं, हो रे, म्हणाले ना. दुसऱ्यांदा म्हटलं मी हो. तेही काही जड गेलं नाही.

झालं. आरशात बघा. मागून टाचेवर एक बोट राहिलंय, बरोबर आहे. — असं नका बघू माझ्याकडे. तुम्ही पॅन्ट आखूड करून घ्यायला आलात, मी आखूड करून देते. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्ही नवीन आहात, दोन वर्षांत बदली होऊन जाल, म्हणून बहुतेक. नाही, पाणी नको मला. बसायचंही नाही. काही तपासायचं नाही, डॉक्टरबाई, मी ठीक आहे.

पडद्यामागे जाऊन पॅन्ट काढा, पाय सांभाळून, टाचण्या आहेत. खुर्चीवर ठेवा. गुरुवारी चारनंतर या. आणि आता जा, मला हिच्यानंतर अजून दोन पॅन्टींना दुमड घालायची आहे.